चिवड्याच्या डब्यातलं मीटर

माझ्या सासरी धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, अशी पद्धत आहे. भांडण नाही, राग नाही, नुसती पद्धत. धाकटीला काही सांगायचं असलं तर ती थोरल्या जावेला सांगते आणि थोरली जाऊ आपल्या नवऱ्याला. त्याचं उत्तर त्याच रस्त्यानं परत जातं. तिघंही एकाच खोलीत बसलेले असले तरी.

आमच्या घरातली थोरली जाऊ मी. नांदेडचं घर दुमजली आहे. खाली मी, नवरा आणि सासूबाई. वर धाकटा दीर आणि जाऊ. दीर नोकरीला लातूरला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातो. जाऊही माहेरची लातूरची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, इथल्या एका खासगी आयटीआयमध्ये शिकवते. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं आणि माझ्या नवऱ्याचं सगळं बोलणं माझ्या तोंडून झालं.

"अक्का, दादांना म्हणावं टाकी भरली."

"अहो, टाकी भरली."

"तिला म्हण, मोटर बंद कर."

"मोटर बंद कर गं."

लोकांना हे ऐकून हसू येतं. मला कधी आलं नाही. पोस्टमनचं काम कुणाला मोठं वाटत नाही, पण सगळ्या गावाची खबर त्याच्या थैलीत असते, आणि त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही.

गेल्या उन्हाळ्यात विजेचं बिल आलं आणि दर उन्हाळ्यासारखी घरातली माणसं एकमेकांच्या कूलरकडं बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, वरचा कूलर माणूस घरात नसतानाही चालू असतो. जाऊ म्हणाली, वरचा नाही, खालचा. मग दोघी माझ्या घरघंटीकडं बघायला लागल्या. घरघंटी म्हणजे घरातली लहान पिठाची गिरणी. गल्लीतल्या बायकांची ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ मी दळून देते. हे काम माझं, मशीन माझी, त्यामुळं तिच्यावर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नाही. मी म्हणाले, "दळणावर आलात तर बाजारचं पीठ खा."

जाऊ हसली. "अक्का, भांडण्यापेक्षा मोजू की. मी एक यंत्र करते. कोणत्या वेळेला किती वीज चालली, सगळं मोबाईलवर दिसतंय."

मी हे नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. माझ्या लग्नाच्या इतक्या वर्षांत या माणसानं घरात एक बल्ब बदललेला नाही. पंखा हळू फिरायला लागला की छताकडं बघून म्हणतो, "बघ गं जरा." पण त्या दिवशी त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाला, "तिला विचार, सामान काय काय लागतंय?"

सामान तो स्वतः वजिराबादच्या बाजारातून घेऊन आला. बोटभर लांबीचं एक सर्किट, चार वायरी, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी उघडणारी एक क्लिप. ही क्लिप विजेच्या वायरभोवती लावली की आतून किती करंट जातो ते तिला समजतं. वायर कापावी लागत नाही. तशी आणखी क्लिप त्या दुकानात नव्हती, एकच मिळाली. तेवढी पुरे, असं जाऊ म्हणाली.

संध्याकाळी ती आयटीआयमधून आली की ओट्यावर दोघं बसायला लागले. ती कथलाचा डाग देऊन वायरी जोडायची, नवरा वायर धरायचा. मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडं करत होते.

"अक्का, दादांना म्हणावं लाल वायर सोडू नका."

"लाल सोडू नका."

"कुठली लाल? दोन हायत."

"कुठली गं?"

"जाड."

"जाड."

तरी मला ते बरं वाटत होतं. काम त्यांचं, पण शब्द माझ्यातून जात होते. क्लिप बसवायच्या दिवशी मात्र गणित बिघडलं. मीटरची पेटी जिन्याखाली आहे. नवऱ्यानं मेन बंद केला आणि शूरासारखा स्क्रूड्रायव्हर घेऊन मीटरजवळच्या वायरीत हात घातला. मी कणीक मळत होते, आणि जाऊ ओरडली, "दादा, हात काढा! मेनच्या आधीची वायर चालूच असते!"

त्यानं हात काढला. मी कणकेचा हात घेऊन दारात उभी. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "थेट बोलली व्हय गं?"

"जीव वाचवायला बोलली," मी म्हणाले.

"जीव वाचवायला चालतंय," सासूबाई म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवसापासून ती रोजच जीव वाचवायला लागली. "दादा, तो स्क्रू आवळा." "दादा, पासवर्ड टाका." आणि हा, ज्याला माझ्याशी बोलताना 'हं' आणि 'हाव' पुरतात, तो तिला पूर्ण वाक्यं बोलून राहिला होता. शेवटाला 'का बरं?' लावून प्रश्न विचारत होता. ती एकदा काहीतरी लांबलचक समजावून देत होती. त्यानं ते परत बरोबर सांगून दाखवलं आणि तिच्याकडं शाब्बासकीसाठी बघितलं. शाळेतल्या पोरासारखं. मग सर्किट पहिल्यांदा चालू झालं, मोबाईलवर आकडा उमटला, तेव्हा तो तिला म्हणाला, "शाब्बास!"

मी या घरासाठी केलेल्या कामांची यादी इथं देत नाही. कशालाही शाब्बास मिळालेलं नाही एवढं सांगते.

यंत्र ठेवायला डबा हवा होता. नवऱ्यानं माझा चिवड्याचा डबा उचलला. चांगला घट्ट झाकणाचा, पारदर्शक, दिवाळीला चिवडा महिनाभर कडक ठेवणारा. मी बाजारातून आले तर त्याला तापल्या सळईनं भोकं पाडलेली.

"अहो, हा माझा डबा हाय."

"आता मीटरचा हाय," तो म्हणाला आणि दोघं हसले. एकाच वेळी. मला डब्याचं दुःख नव्हतं, डबे पैशाला पासरी मिळतात. त्या एकाच वेळेचं होतं.

संशय वगैरे मला नव्हता, हे सरळ लिहून टाकते. जाऊ सरळ बाई आहे, आणि नवरा तर असल्या गोष्टींना आळशी. संशय असता तर सोपं होतं. भांडता आलं असतं. मला मत्सर होता, आणि तो नेमका कशाचा हे सांगायला गेलं तर हास्यास्पद होतं. नवरा माझ्या जावेला 'का बरं?' म्हणतो, ही काय तक्रार झाली?

यंत्र मोबाईलवर आलेख काढायचं, पण तो घरच्या वायफायवरच दिसायचा. फ्रिज म्हणजे लहान लहान दात, मोटर म्हणजे सुळका, दोन कूलर म्हणजे पठार. सकाळी चहाला नवरा मोबाईल पुढं धरून सासूबाईंना दाखवायचा, "हे बघ आई, वरचा कूलर पहाटेपर्यंत चालू होता." सासूबाईंना काही दिसत नव्हतं, पण त्या म्हणायच्या, "गुणाची हाय गं पोरगी. भिंतीतलं बघती." मी भाकरी थापत होते. भिंतीबाहेरचं सगळं मी बघते, पण ते काय, सगळ्यांनाच दिसतं.

मग ऊन आणखी चढलं आणि यंत्र बिघडलं. रोज दुपारी आलेख एकदम जमिनीवर यायचा. शून्य. फ्रिज चालू, कूलर चालू, घरघंटी चालू, आणि डबा म्हणतो घरात वीजच वापरत नाहीत. दिवे लागायच्या वेळेला पुन्हा आपोआप ठीक.

जावेला वाटलं क्लिप सैल आहे. मग वाटलं डाग कच्चा आहे. मग वाटलं दुपारच्या उन्हानं सर्किट तापतं. रोज संध्याकाळी डबा उघडायचा, दोघांची डोकी त्यावर वाकायची, आणि चहाचे कप माझ्याकडून दोनदा जायचे.

शून्य का येतं हे मला दुसऱ्या-तिसऱ्या दुपारीच कळलं होतं. आमच्याकडं वीज तीन फेजमध्ये येते. तीन वायरी, आणि घर एका वेळी त्यातल्या एकावर चालतं. मीटरशेजारी एक गोल खटका आहे; ज्या फेजला जोर असेल त्यावर घर फिरवायचं. दुपारी गल्लीतले सगळे कूलर लागले की आमच्या नेहमीच्या फेजचा जीव जातो. घरघंटी कण्हायला लागते, पीठ जाड पडतं. मग मी उठते, घरघंटी बंद करते, खटका दुसऱ्या फेजवर फिरवते आणि पुढचं दळते. संध्याकाळी त्या दुसऱ्या फेजवर लोकांच्या पाण्याच्या मोटरी लागतात, तेव्हा परत फिरवते. घर बांधलं तेव्हापासून दर कडक उन्हाळ्यात हे चाललंय. त्या वेळी नवरा ऑफिसात, जाऊ आयटीआयमध्ये, सासूबाई झोपलेल्या. खटक्याच्या पुढची वायर लगेच भिंतीत शिरते, म्हणून जावेनं क्लिप खटक्याच्या आधी लावली होती, त्या तीनपैकी एका वायरीवर. खटक्याला ती जुना, बंद पडलेला मेन समजत होती. मी घर दुसऱ्या वायरीवर नेलं की क्लिपला शून्यच दिसणार. त्यात तिचा दोष नव्हता, आणि डब्याचा तर नव्हताच.

मी सांगितलं नाही. लपवलंही नाही, खटका भिंतीवर उघडा आहे, कुणीही बघावा. पण पूर्वी या घरात मला ओलांडून 'मीठ संपलं' एवढंसुद्धा कुणाला कळत नव्हतं. आता दोघं माझ्या देखत, माझ्याच मीटरबद्दल बोलत होते आणि मला कुणी विचारत नव्हतं. विचारतील तेव्हा सांगू, असं मी ठरवलं. तेवढंच मला हवं होतं: एकदा मान वर करून कुणीतरी म्हणावं, "तुला काय वाटतं?"

हिशेब उलटा लागला. यंत्र जितकं बिघडलं तितकी त्यांची बैठक लांबली. मी गप्प बसून त्यांना सतरंजी अंथरून देत होते, हे मला कळत होतं. तरी तोंड उघडलं नाही. हट्टाला अक्कल नसते.

एके दिवशी जाऊ अर्धी सुट्टी टाकून दुपारीच आली. जिन्याखाली डब्यासमोर स्टूल टाकून बसली. काय होतंय ते डोळ्यांनी बघायचं म्हणाली. मी शेजारणीची ज्वारी दळत होते. नेहमीच्या वेळेला घरघंटी कण्हायला लागली. मी ती बंद केली, हात पदराला पुसले, तिच्या डोक्यावरून हात नेऊन खटका फिरवला आणि परत येऊन दळायला बसले. तिच्या हातातल्या मोबाईलवर शून्य.

"अक्का, हे काय केलंत?"

"फेज बदलला."

"रोज बदलता?"

"रोज. कूलर लागले की ह्या फेजात दम राहत न्हाई."

ती खटक्याकडं बघत राहिली. मग डब्याकडं. मग खाली पिठाळलेल्या फरशीवर बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं आई गं! आम्ही आठवडाभर मरून राहिलो. चार वेळा डाग दिला मी! अन् तुम्ही सांगितलं का न्हाई?"

"कुणी विचारलं?"

तिचं हसू थांबलं. थोडा वेळ ती ओढणीचं पीठ झटकत बसली. मग म्हणाली, "मी म्हणलं होतं दादांना. दुपारी घरात अक्का असतात, त्यांना विचारू. ते म्हणाले, तिला काय विचारायचं, तिचं आपलं दळण चालू असतंय."

मी घरघंटीत ज्वारी ओतली आणि बटण दाबलं. दुसऱ्या फेजवर ती छान फिरते. आवाज मोठा असतो, बोलावं लागत नाही. जावेवर धरून ठेवलेला माझा सगळा राग असा एका वाक्यात बेवारस झाला, आणि नवऱ्यावर रागवायची सवय मला राहिलेली नव्हती.

संध्याकाळी नवरा आला, बूट काढले न काढले तोच म्हणाला, "आज पण शून्य का?" जावेनं डोक्यावर ओढणी घेतली. कित्येक दिवसांत घेतली नव्हती. आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "अक्का, दादांना सांगा, चूक सापडली. काय सापडली तेपण तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. तो ऐकत राहिला. "तू बदलतेस फेज?"

"घर झाल्यापासून."

"मला वाटायचं व्होल्टेज आपोआप सुधारतंय."

"घरात बरंच काही आपोआप होतं," मी म्हणाले. सासूबाई पलंगावर खोकल्या, म्हणजे हसल्या.

उपाय सोपा होता. आणखी दोन क्लिपा, तिन्ही वायरींना एकेक. इथं मिळत नव्हत्या म्हणून जावेनं मोबाईलवरून मागवल्या; यायला वेळ लागणार होता. तोपर्यंत मी खटका फिरवला की क्लिपही काढून त्याच वायरीला लावायची, असं ठरलं. जावेनं मला एकदा करून दाखवलं आणि माझ्याही मोबाईलवर आकडा दिसेल असं करून दिलं. वायरींना नंबराच्या चिकटपट्ट्या लावल्या. कपडे वाळत घालणाऱ्या बाईला चिमटा शिकवावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नवरा. ऑफिसातून त्याचा फोन मला कधी येत नाही. शेवटचा आला होता तो सासूबाई पडल्या तेव्हा, आणि तोही मी केलेला त्यानं उचलला नव्हता म्हणून. मी घाबरून उचलला.

"फेज बदललास का?"

"बदलला."

"क्लिप?"

"हलवली."

"आकडा काय दाखवतंय?"

मी वाचून दाखवला. "बरं," म्हणाला आणि ठेवला.

पुढच्या दिवशी पुन्हा. त्याच्या पुढच्या दिवशी आकडा वाचून झाल्यावर फोन ठेवायच्या आधी तो थोडा अडखळला आणि म्हणाला, "काय करून राहिलीस?"

"दळून राहिले."

"कुणाचं?"

"समोरच्यांचं. हरभऱ्याची डाळ."

"मग आज बेसन घरात हाय म्हण की." त्यांचं बेसन आमचं कसं होईल, असं मी म्हणाले. तो हसला. ऑफिसात कूलर बंद पडलाय, साहेबानं खुर्ची जिन्यात टाकलीय, असं सांगितलं. मग उगाच विचारलं, "घरघंटी कण्हायला लागली हे तुला कसं कळतं, का बरं?" वाक्य धड नव्हतं, 'का बरं' चुकीच्या ठिकाणी लागलं होतं. पण लागलं होतं.

तो फोन यंत्रासाठी आहे, माझ्यासाठी नाही, हे मला पक्कं माहीत होतं. घरी आल्यावर पहिली चौकशी तो आलेखाचीच करायचा, आणि जावेशी अर्धा तास बोलायचा, माझ्यातून किंवा माझ्यावरून, जसं जमेल तसं. मला ते अजूनही टोचायचं. पण दुपारी त्या वेळेच्या आसपास मी दळणाचे हात जरा लवकर धुवायला लागले.

मग पार्सल आलं. भर दुपारी, घरात मी आणि झोपलेल्या सासूबाई. कुरिअरवाल्यानं पुडकं माझ्या हातात दिलं आणि लगेच मोबाईलनं त्याचा फोटो काढला. माझ्या बांगड्यांसकट. "मॅडमला मेसेज जातो," म्हणाला आणि गेला. पुडक्यात दोन क्लिपा होत्या, हे वरून चाचपूनच कळत होतं. त्या लावल्या की क्लिप हलवायला नको. आकडा वाचायला नको. फोन करायला नको.

मी पुडकं ज्वारीच्या पिंपामागं ठेवलं. लपवलं म्हणा, इथं खटक्यासारखी पळवाट नाही. तेवढ्यात फोन वाजला. फेज बदलला, क्लिप हलवली, आकडा अमुक. आज त्याच्या जेवणाच्या डब्यातली भाजी खारट झाली होती, असं म्हणाला. तशी ती मुद्दाम नव्हती केली.

संध्याकाळी जाऊ पीठ न्यायला खाली आली. नवरा चहा पीत होता. फोटो तिच्या मोबाईलवर गेलेला होता, हे मला माहीत होतं. मी पिंपाकडं न बघायचा प्रयत्न करत पीठ भरत होते. नवरा मला म्हणाला, "तिला विचार, ते पार्सल आलं का?"

मी तोंड उघडायच्या आधी ती सरळ त्याच्याकडं बघून म्हणाली, "न्हाई दादा. लांबलंय. ह्या उन्हात कुरिअरवाले तरी काय करतील?"

"हां, तेबी खरं हाय," तो म्हणाला आणि चहा पिऊन टाकला.

तिनं पिठाचा डबा उचलला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि जिना चढून गेली. मी तिथंच उभी. तिनं माझ्यासाठी खोटं बोलावं याचे उपकार वाटायला हवे होते, आणि थोडे वाटलेही. पण जास्त वाटलं ते दुसरंच. इतक्या वर्षांत मला या माणसाच्या तोंडावर एक साधं खोटं धड बोलता आलं नाही, लगेच म्हणतो, "खरं सांग." हिनं एका दमात सांगितलं आणि त्याला पटलं. हेही तिलाच जमलं.

पुडकं अजून पिंपामागंच आहे. ती विचारत नाही. दुपारी कूलर लागतात, घरघंटी कण्हते, मी उठून खटका फिरवते, क्लिप हलवते आणि हात धुऊन ठेवते.